गोल न केलेल्या बुटाची कैफियत

मित्रांनो, मी फुटबॉलचा एक जुना बूट आहे, उजव्या पायाचा. वय सत्तरीच्या पुढे. परभणी जिल्ह्यातल्या वालूर गावी, बजरंगभाऊंच्या घरात टीव्हीच्या वरच्या फळीवर माझा मुक्काम असतो. जिथे पायाची बोटं मावतात, तिथे माझ्या कपाळावर हळदकुंकवाचा जाड थर चढलेला आहे. मागच्या भिंतीवर एक फ्लेक्स आहे. त्यावर लिहिलंय, 'दोनशे त्रेचाळीस गोल करणारा ऐतिहासिक जर्मन बूट'. येणारा-जाणारा तो मोठ्यानं वाचतो आणि माझं टाळकं सटकतं. कारण मी एकही गोल केलेला नाही. म्हणजे एक केला, पण तो आमच्याच जाळीत.

आता तुम्ही म्हणाल, लोक कौतुक करतात तर घ्यावं गुपचूप. घेतलंही असतं. पण या खोट्या कौतुकापायी एका पोरीचा खेळ बंद व्हायची वेळ आली, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कोळशाच्या गावातला. मोठं युद्ध संपून सहा वर्षं झाली होती, पण नवं चामडं अजून महाग होतं. बूट शिवणाऱ्या एका म्हाताऱ्यानं घोड्याचं जुनं खोगीर उसवून मला आणि माझ्या डाव्या भावाला तयार केलं. तळाला चामड्याच्या खुंट्या ठोकल्या, एकेका खुंटीला तीन-तीन खिळे. आम्हाला विकत घेणाऱ्याचं नाव एर्विन लोमर. आठवडाभर तो कारखान्यात फिटर असे आणि रविवारी गावच्या संघाचा बचावपटू. बचावपटू म्हणजे आपल्या गोलच्या अलीकडे उभा राहून समोरून येणाऱ्याला अडवणारा गडी. युद्ध संपलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. मैदानात बॉम्बचे खड्डे पडले होते. खेळाडूंनीच हातगाड्यांनी माती आणून ते बुजवले. त्या काळात सामना जिंकला तर बक्षीस म्हणून बटाट्यांचं पोतं मिळे, आणि एर्विनची आई म्हणे खेळाचं काहीच विचारत नसे, पोतं किती भरलंय तेवढं बघे.

दहा वर्षं आम्ही खेळलो. चिखलात खेळलो, बर्फात खेळलो, एकदा तर पायाचा अंगठा मोडलेला असताना खेळलो. समोरचा कितीही चपळ असू दे, एर्विन त्याच्या पायांच्या नाचाला भुलत नसे. तो पळतही फार नसे. नेमका वाटेत उभा राही आणि समोरच्याला दुसरीकडे जावंसं वाटे. बघायला यात काही नव्हतं, हे मी कबूल करतो. गोल झाला की लोक टोप्या उडवत. गोल व्हायचा राहिला की कोण कशाला टोपी उडवील? वर्तमानपत्रात दहा वर्षांत आमच्याबद्दल एकच चांगली ओळ आली, 'बचाव ठीक होता'. एर्विननं ती कापून पाकिटात ठेवली. पुढे एका पावसाळी सामन्यात चेंडू माझ्या टोकाला घासून आमच्याच गोलमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी त्याचं आडनावासकट पूर्ण नाव छापून आलं, पहिल्यांदाच.

देशाच्या संघाच्या निवडीलाही त्याला एकदा बोलावलं होतं. दोन दिवस आम्ही बाकावर बसून राहिलो आणि तिसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत आलो. वर्षभरानं त्याच देशानं विश्वचषक जिंकला, तेव्हा गल्लीतले सगळे रेडिओभोवती नाचत होते. एर्विनही नाचला. घरी आल्यावर मात्र त्यानं मला तेल लावलं, आधी लावलेलं असतानाही पुन्हा लावलं. त्यानंतर सात वर्षांनी गुडघा गेला आणि खेळ संपला. त्या दिवशी त्यानं माझ्या जिभेवर, नाडीखालच्या चामड्यावर, पक्क्या शाईनं आकडा लिहिला, २४३. इतके सामने तो खेळला होता. पुढे 'सामने' हा शब्द मात्र त्यानं लिहिला नाही. सगळा घोळ इथूनच सुरू झाला.

मी इकडे आलो १९६६ साली. एर्विनच्या कारखान्यानं त्याला वालूरजवळच्या एका तेलगिरणीत यंत्रं बसवायला पाठवलं होतं. संध्याकाळी पाळी सुटली की तो कामगारांना जमवून काळ्या रानातल्या एका तुकड्यावर चेंडू खेळे. तिथेही तेच. जो तो पुढे पळायला तयार, मागे थांबायला कुणी राजी नाही. थांबला एकटा मुंजाजी. गिरणीतला फिटर, नुकतंच लग्न झालेला, मोजकं बोलणारा माणूस. त्याला जर्मन येत नव्हतं आणि एर्विनला मराठी येत नव्हतं, पण वाटेत कसं उभं राहायचं हे दाखवायला भाषा लागत नाही. सात महिन्यांनी परत जाताना एर्विननं आमची जोडी मुंजाजीच्या हातात ठेवली.

डाव्या भावाचं पुढे वाईट झालं. एका उन्हाळ्यात विहिरीवरच्या पंपाचा वायसर, म्हणजे आतली चामड्याची चकती, फाटला, बाजारात मिळेना, आणि पीक करपायला लागलं. मुंजाजीनं दिवसभर विचार केला आणि शेवटी डाव्याला कापून वायसर केला. पंपाला पाणी चढलं. मुंजाजी दोन दिवस माझ्याकडे बघत नव्हता.

खंडेनवमीला आपल्याकडे घरातली हत्यारं धुऊनपुसून पूजेला मांडतात. विळा, कुदळ, नटबोल्टचे पाने, फवारणीचा पंप. त्या वर्षीपासून मुंजाजीनं पान्यांच्या शेजारी मलाही मांडलं. त्याची बायको पार्वतीबाई चिडली. "जोडा पूजंला मांडता व्हय?" मुंजाजी म्हणाला, "जोडा न्हाई ते. हत्यार हाय." मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्याबद्दल एवढं नेमकं कुणी बोललं नाही.

पाहुणे मुंजाजीला विचारत, या बुटानं किती गोल केले? तो सांगे, एक बी न्हाई, ह्यो अडवायचा. पाहुण्यांचा चेहरा पडे आणि विषय कापसाच्या भावाकडे वळे. चार वर्षांपूर्वी मुंजाजी गेला आणि घराची सूत्रं त्याच्या मुलाकडे, बजरंगभाऊंकडे आली. ते शाळेच्या समितीवर आहेत, भाषणाची हौस दांडगी आहे. एकदा मला पुसताना त्यांना जिभेवरचा आकडा दिसला. खेळाडूच्या वस्तूवर आकडा आहे म्हणजे तो गोलांचाच असणार, दुसरं काय असतं? बाप 'एक बी न्हाई' म्हणायचा, तो त्यांनी साधेपणा धरला आणि कुणाला विचारलं नाही. आठ दिवसांत फ्लेक्स आला. शाळेच्या स्नेहसंमेलनात मला टेबलावर ठेवून त्यांनी अर्धा तास भाषण केलं. टाळ्या पडत होत्या आणि मी आतल्या आत जळत होतो. तोंड असतं तर तिथल्या तिथे सांगितलं असतं. बुटाला जीभ असते, पण ती नाडी बांधण्यापुरती.

बजरंगभाऊंची मुलगी राजेश्री. नववीत आहे. आजोबानं तिला अंगणात प्लॅस्टिकच्या चेंडूवर जे शिकवलं, ते तिच्या अंगात मुरलंय. शाळेच्या मुलींच्या संघात ती मागे खेळते. सराव करून आली की माझ्यासमोर बसून बुटांचा चिखल खरवडते, आणि तिच्या नुसत्या खरवडण्यावरून मला कळतं की आज तिनं कुणाला कसं अडवलं असेल. इतक्या वर्षांनी आपल्या जातीचं माणूस घरात जन्माला आलं, म्हणून मला फार बरं वाटायचं.

बजरंगभाऊ वाईट नाहीत बरं का. पोरीला नवे बूट त्यांनीच आणले. सोयाबीनची काढणी चालू असताना मोटारसायकलवर बसवून तिला सरावाला सोडलं. पण सलग सहा सामने बघितल्यावर त्यांची चिडचिड सुरू झाली. खेळ शिकवणाऱ्या सविता मॅडम एकदा घरी आल्या, तेव्हा ते म्हणाले, "सहा मॅची झाल्या मॅडम. एक गोल न्हाई. मंग काय करायलीय ती तिथं? नुसती हुबी ऱ्हायलीय." मॅडमनी समजावलं की तिचं कामच ते आहे, तिच्यामुळेच संघ सेमीफायनलच्या पुढे आला. भाऊंनी माझ्याकडे बोट दाखवलं. घरात दोनशे त्रेचाळीस गोलांचा बूट असताना आपल्या पोरीला एक जमू नये, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. मग त्यांनी राजेश्रीला बोलावून सांगितलं की तालुक्याच्या फायनलला गोल झाला तर पुढे खेळ, नाहीतर फुटबॉल बंद आणि दहावीचा क्लास चालू.

मी फळीवर होतो. काय करणार? जो आकडा दाखवून पोरीला धमकी दिली जात होती, तो माझ्याच जिभेवर होता आणि त्याचा खरा अर्थ सांगणं माझ्या हातात नव्हतं. एवढा संताप मला आमच्याच जाळीत चेंडू गेला तेव्हाही आला नव्हता.

फायनल सेलूला होती. शकुन म्हणून भाऊंनी मलाही नेलं. मैदानाच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मला ठेवलं, गळ्यात झेंडूचा हार. भर दुपारच्या उन्हात मला सगळं लख्ख दिसत होतं.

मित्रांनो, त्या दिवशी राजेश्री जे खेळली ते बघून एर्विननं पाकिटातली ओळ काढून तिला दिली असती. समोरच्या संघात एक उंच, सुसाट मुलगी होती. तिला राजेश्रीनं एकदाही आपल्या मागे जाऊ दिलं नाही. पळापळ नाही, पाडापाडी नाही. प्रत्येक वेळी तीच नेमकी वाटेत. पहिला अर्धा भाग शून्य-शून्य. दुसराही तसाच सरकत होता. लोक कंटाळले. भाऊंनी दोनदा मोबाईल बघितला. मी मात्र खुर्चीवर बसून मोजत होतो.

दोन मिनिटं राहिली असतील. चेंडू राजेश्रीच्या पायात आला. अशा वेळी तो लांब मारून मोकळं व्हायचं असतं. तिनं मान वर केली. कडेला बाप उभा होता. मी तिचा चेहरा बघितला आणि मला कळलं की ती आता चुकणार. ती चेंडू घेऊन पुढे निघाली. मधली रेघ ओलांडली. सविता मॅडम मागे ये, मागे ये म्हणून हाका मारत होत्या, आणि भाऊ खुर्चीला धक्का देऊन ओरडत होते, "घे, घे पुढं." एक मुलगी चुकवली, दुसरी चुकवली. तिसरीनं चेंडू काढून घेतला आणि लांब मारला. मागे वाटेत कुणीच नव्हतं. ती उंच मुलगी एकटी गेली आणि चेंडू आमच्या जाळीत ठेवून आली.

आम्ही एक-शून्यनं हरलो. मी धक्क्यानं खुर्चीवरून पडलो होतो. निघायच्या वेळेपर्यंत मला उचलायचं कुणाला सुचलं नाही, आणि ते बरंच झालं.

घरी आलो. दारात मोटारसायकल लावताना भाऊ म्हणाले की शेवटी जरा अजून जोर लावला असता तर झालं असतं. राजेश्री रडत नव्हती. ती म्हणाली, "बापू, माझी जागा मागं हुती. ती मी तुमच्यासाठी सोडली. आजोबा आसते तर त्यांनी मला घरात घेतलं नसतं."

भाऊ गाडीची चावी हातात फिरवत राहिले.

परवा सविता मॅडम एक कागद घेऊन आल्या. जिल्ह्याच्या निवड शिबिराचा अर्ज. हरलेल्या संघातूनही एक-दोन मुली पाठवता येतात आणि त्यांना राजेश्रीलाच पाठवायचं होतं. पालकांची सही हवी होती. भाऊंनी चष्मा लावला आणि अर्ज वाचत गेले. 'केलेले गोल' असा रकाना आला. पेन थांबलं. मग त्यांनी सावकाश शून्य लिहिलं. अर्ज उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"मॅडम, अडवलेले कुठं लिव्हायचे?"

मॅडम म्हणाल्या, "त्याला रकाना नाही भाऊ. खाली 'विशेष नोंद' आहे, तिथं लिहा हवं तर."

भाऊंनी राजेश्रीला हाक मारली. फायनलला किती अडवले, म्हणून विचारलं. तिनं मान हलवली. ती खेळत होती, ती कशी मोजणार? त्यांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमचं लक्ष सगळ्या अकरा मुलींवर होतं. मग भाऊ स्वतःशीच म्हणाले, "मीबी मोजले न्हाईत. समोर बसून मोजले न्हाईत."

त्यांनी सही केली. विशेष नोंदीची ओळ कोरीच राहिली. मॅडम अर्ज घेऊन गेल्या. राजेश्री आता परभणीला शिबिराला जाईल, आणि तिथे कागद बघणाऱ्यांना तिच्या नावापुढे एक शून्य आणि एक मोकळी ओळ दिसेल.

मित्रांनो, माझं चामडं आता तडकलंय. मला तेल लावू नका, हार घालू नका, जमलं तर तो फ्लेक्स उतरवा. पण तुमच्या वर्गात, तुमच्या संघात, तुमच्या घरात कुणीतरी मागे उभं राहून काहीतरी अडवत असतं. एकदा कडेला बसून त्याच्याकडे बघा आणि बोटांवर मोजा. त्या दिवशी सेलूच्या मैदानावर राजेश्रीनं एकवीस वेळा अडवलं. फक्त मीच मोजलं, आणि मला ते कुणाला सांगता आलं नाही.