जिनीचा परिच्छेद

"एवढा एक परिच्छेद गाळलात ना ऑर्विल, की निबंध अगदी दृष्ट लागण्यासारखा होईल," संस्थापक दिनाच्या समितीच्या मिसेस हार्लो म्हणाल्या आणि त्यांनी कागद टेबलावरून ट्रास्क सरांकडे सरकवला. "सणाचा दिवस. त्यात यंदा देशाचं दोनशेवं वर्ष. कशाला उगाच?"

ट्रास्क सरांनी मान डोलावली. मान डोलावणं ही त्यांची जुनी खोड. कनेटिकटमधल्या आमच्या हार्लोज मिल गावच्या हायस्कुलात ते तीस वर्षं अभिजात साहित्य आणि देशाचा सुरुवातीचा इतिहास शिकवत होते आणि पोरांचे निबंध तपासत होते. महाकाव्यातल्या वीराला युद्धावरून घरी यायला इतकी वर्षं का लागली, यावर एकाने लिहिलं होतं की आमचे बाबाही असेच उशिरा येतात, वाटेत बार लागतो. सरांनी त्याला चांगले गुण दिले, कारण निदान ते त्याचं स्वतःचं होतं. 'स्वतःचं लिहा' हे वाक्य ते दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहीत.

"आणि हो," निघता निघता मिसेस हार्लो म्हणाल्या, "वाचनालयाच्या नव्या खोलीला तुमचं नाव द्यायचं आम्ही नक्की केलंय. यंदा निवृत्त होताय, गावानं काहीतरी करायला नको का?"

दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, असं त्या म्हणाल्या नाहीत. सरांनी पुन्हा मान डोलावली.

निबंध यव्होन पेटवेचा होता. तिचे वडील शाळेची बस चालवत. गावात काळ्यांची दोनच घरं, त्यातलं एक त्यांचं. दर जूनमध्ये संस्थापक दिनाला शाळेतला सर्वोत्तम निबंध चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून म्हणायचा असतो. वाचायचा नाही, तोंडपाठ म्हणायचा. शिक्षकाने हातात प्रत घेऊन पहिल्या बाकावर बसायचं आणि पोर अडखळलं तर पुढचं वाक्य पुरवायचं. गाव वसल्यापासूनची ही रीत आहे असं म्हणतात, खरं-खोटं देव जाणे.

गाव वसवलं मिसेस हार्लोंच्या घराण्यातल्या कॅप्टन हार्लोंनी. चर्चमागच्या कब्रस्तानात त्यांचा उंच खांब आहे. आणि पार मागे, भिंतीला लागून, एक बुटका दगड आहे. 'जिनी, कॅप्टन हार्लो यांची इमानी सेविका.' सेविका कसली, विकत आणलेली गुलाम बाई ती. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. असले प्रकार दक्षिणेत व्हायचे, आपल्याकडे नाही, असं आम्ही पोरांना सांगतो आणि पोरं त्याच दगडाला टेकून सँडविच खातात. यव्होनने त्या दगडावर एक परिच्छेद लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला थांबवून घेतलं.

"हा भाग जरा विषयांतर होतोय."

"विषय तोच आहे ना, सर?"

"आहे, पण... वेळेचंही बघावं लागतं. लोक उन्हात बसलेले असतात."

यव्होनने कागद बघितला. लाल शाईची तिरकी रेघ परिच्छेदावरून आरपार गेली होती.

"मग मधे तुटल्यासारखं नाही वाटणार?"

"जोडायला मी एक वाक्य घालून दिलंय."

तिने ते मोठ्याने वाचलं. "'त्या घरातला प्रत्येक हात आनंदाने राबत होता.'" मग वर बघून म्हणाली, "हे मी म्हणायचं?"

"जोडापुरतं."

"बरं, सर."

तिने वाद घातला असता तर सरांना जरा बरं वाटलं असतं. पण ती मुलगी त्यांना मानत होती. सर म्हणतात तर तसंच असेल, असं समजून ती कागद घेऊन गेली. घरी जाताना सरांना वाटलं, वाक्य मात्र छान बेतलं आपण, शिवण कुठे दिसतसुद्धा नाही. आणि हे वाटल्याचीच त्यांना लाज वाटली. पण लाज वाटून काय उपयोग, रेघ मारून झाली होती.

संस्थापक दिनाला सगळा गाव चर्चपुढे जमला. कडेला स्ट्रॉबेरी शॉर्टकेकची टेबलं, पोरांच्या हातात झेंडे. पेटवे इस्त्रीचा सूट घालून बायकोसह दुसऱ्या रांगेत बसले होते. यव्होन पायऱ्यांवर उभी राहिली आणि बोलू लागली. जंगल, नदी, पहिला हिवाळा, पहिली गिरणी. आवाज स्वच्छ होता, कुठे अडखळणं नाही. आणि मग ती थांबली.

सरांनी प्रतीवर, तिने सकाळीच परत आणून दिलेल्या त्या कागदावर, बोट ठेवलं. बरोबर शिवणीवर थांबली होती.

त्यांनी वाक्य हळूच पुरवलं. यव्होनला ऐकू गेलं नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मुद्दाम केलंय हिने, असं सरांच्या मनात आलं, आणि घटकाभर त्यांना हायसंच वाटलं. पण मुलीचे ओठ थरथरत होते. ती खरंच विसरली होती.

"'त्या घरातला प्रत्येक हात,'" सर जरा मोठ्याने म्हणाले.

मागून बहिरे मिस्टर स्लोकम ओरडले, "काय चाललंय? मोठ्यानं सांगा की तिला, ट्रास्क. आम्हालाही कळू दे."

लोक हसले. सर उठून उभे राहिले. गावासमोर, पेटवे नवरा-बायकोंसमोर, त्या मुलीच्या डोळ्यांत बघून त्यांना आपलं वाक्य खणखणीत आवाजात म्हणावं लागलं. "त्या घरातला प्रत्येक हात आनंदाने राबत होता."

यव्होनने ते त्यांच्यामागून जसंच्या तसं म्हटलं आणि निबंध शेवटाला नेला. टाळ्या पडल्या. मिसेस हार्लोंनी रुमालाने डोळे टिपले.

शॉर्टकेकच्या टेबलाशी ती स्वतःहून सरांपाशी आली.

"माफ करा, सर. तुम्हाला सगळ्यांपुढे उठावं लागलं."

"अगं, त्यात काय."

"बाकीचं सगळं पाठ होतं. तेवढंच वाक्य काही केल्या डोक्यात राहीना. मागचा-पुढचा भाग मी लिहिलेला, तो आपोआप यायचा. हे आलं की सगळं पुसलं जायचं. आईनं किती वेळा म्हणवून घेतलं."

आईनं म्हणवून घेतलं. स्वयंपाकघरात, ते वाक्य. सरांना तिथून कुठेतरी निघून जावंसं वाटलं.

तेवढ्यात पेटवे दोन बशा घेऊन आले. एक त्यांनी सरांच्या हातात दिली. "तुम्ही होतात म्हणून निभावलं, सर. नाहीतर पोरगी रडलीच असती."

"नाही हो, चांगलं बोलली ती," सर म्हणाले. पेटवे समोर उभे होते, म्हणून त्यांनी बशीतलं सगळं संपवलं.

शाळेच्या शेवटच्या दिवशी निबंध परत करायचे असतात. सरांनी यव्होनच्या निबंधावरची रेघ खोडायचा प्रयत्न केला, पण लाल शाई काही निघेना. शेवटी तो परिच्छेद त्यांनी समासात आपल्या हाताने पुन्हा लिहून काढला आणि खाली लिहिलं, 'हा भाग गाळायला नको होता. चूक माझी.' यव्होनने ते वाचलं, कागदाची घडी घातली आणि नेहमीसारखं "थँक यू, सर" म्हणून ती बसकडे गेली. बसमध्ये वडील वाट बघत होते.

वाचनालयाच्या खोलीला अजून ट्रास्क सरांचं नाव आहे. त्यांनी नको म्हणून चिठ्ठी पाठवली होती, पण गावाने तो विनय समजून त्यांचं आणखीनच कौतुक केलं. खरं कारण सांगायची हिंमत त्यांना शेवटपर्यंत झाली नाही.

त्याच उन्हाळ्यात एका सकाळी ते कब्रस्तानात आले. गवत कापणाऱ्या माणसाने मशीन बंद करून विचारलं, "कुणाला शोधताय का, सर?"

"नाही रे. चालू दे तुझं."

तो पलीकडे गेल्यावर सरांनी हॅट काढली आणि बुटक्या दगडापुढे ताठ उभे राहिले. हातात प्रत नव्हती. "'कॅप्टननी जंगल तोडलं, असं आपण म्हणतो. ते जंगल तोडत होते तेव्हा त्यांची चूल कोण पेटवत होतं? जिनी. तिला पगार नव्हता, आडनाव नव्हतं...'"

इथे ते अडले. पुढचं वाक्य काही केल्या आठवेना. पायऱ्यांवरचं पोर पहिल्या बाकाकडे बघतं, तसं त्यांनी समोर पाहिलं. तिथे नुकतंच कापलेलं गवत पडलं होतं. कुणीतरी वाक्य पुरवेल म्हणून वाट बघावी तसे ते हॅट हातात धरून उभे राहिले.