उत्तमरावची चाल

उंद्रीच्या बाजारामागे तंबूचा सिनेमा लागला, तेव्हा पहिल्याच खेळाला मध्यंतरात अर्धा तंबू रिकामा झाला. हिरो रडका, हिरोईन खोकणारी, आणि मारामारी एकही नाही. उरलेली माणसं हातातली बिडी संपेपर्यंत बसली, मग तीही उठली. शेवटपर्यंत टिकले ते उत्तमराव आणि त्यांचा शेजारी कडूबा. कडूबा टिकला, कारण त्याला झोप लागली होती.

उत्तमराव मात्र टक्क जागे होते. पडद्यावर एक बैलगाडी घाट उतरत होती. कोणी बोलत नव्हतं, कोणी गात नव्हतं. नुसती सारंगी वाजत होती, आणि ती बराच वेळ एकटीच वाजल्यावर मागून एक बासरी आली. दबकत, चोरपावलांनी, जशी सून रुसून माहेरी जावी आणि न बोलावता परत यावी. गाडी घाटाखाली गेली, चाल थांबली, आणि चाळिशी ओलांडलेला, लेकींची लग्नं उरकलेला, बऱ्यापैकी शेताभाताचा हा माणूस धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत बाहेर आला.

"काय झालं बे उत्तम? डोयात कचरा गेला का?" कडूबानं जांभई देत विचारलं.

"कडूबा, ते वाजे, ते आयकलं का तू?"

"कायचं वाजे?"

उत्तमरावांनी तंबूवाल्याला गाठून नाव काढलं. संगीत, एस. गुणवंत. तंबूवाल्यालाही ते पाटीवर वाचून सांगावं लागलं.

पुढच्या खेपेला कापूस घेऊन खामगावला गेले, तेव्हा उत्तमराव बाजारातून सरळ रिकार्डच्या दुकानात शिरले. गुणवंत म्हटल्यावर दुकानदारानं आधी कान पुढे केला, मग माळ्यावर चढून एक गठ्ठा खाली काढला, फुंकर मारली, आणि धूळ उडाल्यावर दोघंही शिंकले. "सगळ्याच नेता का?" त्यानं इतक्या आशेनं विचारलं की उत्तमरावांना नाही म्हणवेना. त्यांनी सगळ्या घेतल्या. चावीचा बाजा घेतला. पुढच्या हंगामात बॅटरीवर चालणारा भोंगा घेऊन तो घराच्या धाब्यावर बसवला, कारण एवढी चांगली वस्तू एकट्यानं ऐकणं त्यांना पाप वाटत होतं.

तेव्हापासून उंद्रीची सकाळ बदलली. कोंबडं आरवलं की पाठोपाठ गुणवंत. बैलगाडीची ती चाल तर रोजचीच. पहिले काही दिवस लोक सौजन्यानं वाट पाहत राहिले. सरपंच भगवानराव तर एकदा मुद्दाम ओसरीवर येऊन बसले. सारंगी वाजली, बासरी वाजली, तबकडी संपून सुई खरखरायला लागली, तरी ते तसेच बसून.

"उत्तमराव, गानारा कवा येते?"

"त्यात गानारा नाई, भगवानराव."

"अस्सं. काऊन, बिमार होता?"

घरात पुष्पाबाईंचं निराळंच होतं. "सवत आनली असती तं तिनं दोन भांडे तरी घासले असते," एवढंच त्या म्हणत, आणि भाकरी जरा जोरात थापत.

कडूबाच्या पुतण्याच्या लग्नात भोंगा उत्तमरावांनी फुकट दिला, अट एकच, वाजणार ते गुणवंतच. वऱ्हाड सुलतानपूरचं होतं. पंगत बसली आणि भोंग्यातून ती संथ चाल सुरू झाली. काय झालं कोणाला कळलं नाही, पण जेवणारेही संथ झाले. घास हातात धरून माणसं लांब कुठंतरी बघत बसली. वरणाचा वाढपी मधेच थांबून पळी टांगती धरून उभा. पहिली पंगत उठेना, आणि दुसरी पंगत भुकेनं मांडवाचे खांब धरून ताटकळली. शेवटी सुलतानपूरच्या व्याह्यांनी, "इथं लगन हाय का कोनी मेलं?" असं ओरडत बॅटरीची तार उपटली. कडूबा त्यानंतर बरेच दिवस उत्तमरावांशी फक्त मानेनं बोलत होता.

पण उत्तमरावांना त्या पंगतीनं उलट जोर आला. जेवणारी माणसं घास विसरतात, म्हणजे केवढा मोठा माणूस असेल हा! त्यांनी तबकडीच्या पाकिटावरच्या पत्त्यावर पत्र टाकलं, की अशा माणसाचं नाव गावोगाव का नाही, आणि तो राहतो कुठं. दिवाळी उलटून गेल्यावर मुंबईहून कार्ड आलं. 'तुमचं पत्र कंपनीनं मला पाठवलं. कोणी थट्टा करत असल्यास कृपया थांबवावी. सदाशिव गुणवंत.'

उत्तमरावांनी उलट टपाली लिहिलं, थट्टा नाही, हुरड्याला या.

आणि गुणवंत खरंच आले.

एसटी थांब्यावर उत्तमराव हार घेऊन उभे होते. सोबत भगवानराव, आणि कुतूहलानं अबोला सोडून आलेला कडूबा. उंच, केस मानेवर रुळणारे, डोळे आभाळात, असा कोणी उतरेल अशी उत्तमरावांची खात्री होती. उतरला तो बुटका, गोल, टेरिलीनच्या शर्टात घामेजलेला माणूस. उत्तमरावांनी हार घातला आणि कान टवकारले. एवढ्या मोठ्या कलावंताचे उंद्रीतले पहिले शब्द त्यांना जपून ठेवायचे होते.

"इथे लघवीला कुठे जातात हो?" गुणवंतांनी विचारलं.

दुपारी पुष्पाबाईंनी पुरणाचा घाट घातला होता. पाहुणा मनापासून जेवला. गाण्याबद्दल अवाक्षर नाही. वांग्याच्या भरताबद्दल मात्र बरंच बोलला. मग पानदान आलं, भगवानराव आणि कडूबा लोडाला टेकले, पुष्पाबाई दाराच्या चौकटीशी उभ्या राहिल्या, आणि उत्तमरावांनी बाज्याला चावी देऊन सुई टेकवली.

सारंगी सुरू झाली. उत्तमरावांनी तबकडीकडे पाहिलंच नाही, ते गुणवंतांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. गुणवंत काडीनं दात कोरत होते. बासरी आली. गुणवंतांनी काडी बदलली. चाल संपली.

"छान आहे," ते म्हणाले. "कोणाचं?"

कडूबानं आधी उत्तमरावांकडे पाहिलं, मग छताकडे.

"तुमचंच तं हाय," उत्तमराव कसेबसे म्हणाले.

गुणवंतांनी तबकडी उचलली, हात लांब करून, चष्म्याआडून डोळे बारीक करून नाव वाचलं. "अरे, हो की!" आणि एकदम हसू लागले. "ती बैलगाडी! अहो, तो बैल घाटात अडून बसला होता, म्हणून प्रसंग लांबला. डायरेक्टरला प्रसंग कापवेना, मला म्हणाला, काहीतरी भरून काढा. बरं, बासरीवाल्याचा पत्ता नाही. शेवटी सारंगीवाल्याला सांगितलं, तू वाजवत राहा. मग तो बासरीवाला आला धापा टाकत, तसाच बसला आणि फुंकायला लागला. म्हणून बासरी इतकी उशिरा येते. चूक आहे ती. पुन्हा रेकॉर्ड करायला वेळ नव्हता."

"चूक?" उत्तमराव उठून उभे राहिले.

"सरळ चूक. पहिल्या ओळीलाच यायला हवी होती."

"अवो, उशिरा येते म्हनून तं ते गानं हाय! सारंगी वाट पाहून राह्यली तिची. पैल्या ओळीले आली असती तं कोनाले काय पडलं होतं? तुमाले एवढं समजत नाई?"

"मी बसवलंय ते, उत्तमराव."

"बसवलं तुमी असन. आयकलं मी!"

गुणवंतांचा चेहरा लाल झाला. तेही उठले. उभे राहूनही ते उत्तमरावांच्या खांद्याला लागत होते. "मग स्पष्टच सांगतो. ती चाल सामान्य आहे. भरतीची चाल आहे. मला तिची लाज वाटते."

"माह्या घरात बसून गुणवंतले नावं ठेवाचे नाई!"

"उत्तम," कडूबा हळूच म्हणाला, "थो गुणवंतच हाय ना बे."

"असन! कोनीबी असो!"

गुणवंतांनी पिशवी उचलली आणि थांब्याकडे निघाले. पण त्या दिवशीची शेवटची एसटी केव्हाच गेली होती, तेव्हा थोड्या वेळानं ते मुकाट्यानं परत आले आणि ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसले. दिवस मावळेपर्यंत एका टोकाला उत्तमराव, एका टोकाला गुणवंत, आणि मधे तो बाजा. बोलल्या त्या फक्त पुष्पाबाई. चहाची कपबशी ठेवताना त्या म्हणाल्या, "भाऊ, मले गान्यातलं काई समजत नाई. पैले तं माह्ये कान किटत. पन आता मी चुलीवर दूध ठेवतो, आन तुमची ते बासरी आली का उतरवतो. एकबी दिवस उतू गेलं नाई." गुणवंतांनी त्यांच्याकडे बघितलं आणि चहा बशीत ओतला.

सकाळी उत्तमरावांनी भोंगा लावला नाही. मनच झालं नाही. रात्रभर त्यांच्या डोक्यात तो अडलेला बैल आणि धापा टाकणारा बासरीवाला फिरत होता. ज्या जागी आपले डोळे भरून येत, तिथं एक उशिरा आलेला माणूस नुसत्या धापा टाकत होता म्हणायचा! आतून पुष्पाबाईंचा आवाज आला, "गेलं, उतू गेलं!" आणि मागोमाग जळक्या दुधाचा वास.

गुणवंत पाण्याचा डबा घेऊन शेताच्या वाटेला लागले. पाहुण्याला परक्या गावात एकट्यानं सोडणं बरं नव्हे, म्हणून उत्तमरावही निघाले, पण बरंच अंतर राखून. बोलायचं नव्हतं. वाटेत लोक उत्तमरावांना थांबवत होते. "आज काऊन नाई वाजलं?" "बॅटरी उतरली का?" वच्छलाबाई तर विहिरीवरूनच ओरडल्या, की आज वेळच कळली नाही, म्हणून भाकरी उशिरा झाली आणि मालक उपाशीच वावरात गेला. उत्तमराव सगळ्यांना हातानंच काहीबाही उत्तर देत चालले.

पुढच्या मळ्यात गावातलाच सहदेव मोट हाकत होता. मोट खाली सोडताना बैल मागं सरकत, तेवढ्या वेळात तो शीळ घालत होता. ओळ तीच, सारंगीची. गुणवंत थबकले. सहदेवनं शीळ लांबवली, थांबला, मोट भरू दिली, आणि बैलांनी नाडा ओढायला सुरुवात केल्यावर मग बासरीची ओळ घेतली. तितकीच उशिरा.

"ही चाल कोणाची हो?" गुणवंतांनी विचारलं.

"उत्तमरावची," सहदेव म्हणाला.

"त्यांनी केली?"

"मंग कोन करन? रोज सकायी तेच वाजवते."

"ती मी केलेली आहे."

सहदेवनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. हातातल्या डब्यावर त्याची नजर जरा जास्त वेळ थांबली. "पाहुने दिसता," तो समजुतीनं म्हणाला. "उंद्रीत असं कोनाजवळ म्हनू नका, भाऊ. लोक हासतीन."

उत्तमरावांना मागं राहवेना. ते धावतच पुढं आले. "सहदेव, खरं हाय ते! यायनच केली!"

"हाव हाव," सहदेव मान डोलावत म्हणाला. "तुमी पाहुन्याचं मन राखून राह्यले. राखाच लागते." आणि बैलांना हाक मारून तो पुन्हा शीळ घालू लागला.

गुणवंत बांधावर बसले आणि हसायला लागले. पोट धरून हसले, डबा कलंडला तरी हसत राहिले. उत्तमराव शेजारी उभे, काय करावं ते कळेना. हसता हसता गुणवंतांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. सहदेवची शीळ संपेपर्यंत ते तसेच चष्मा हातात धरून बसले.

"मुंबईत माझ्या बिल्डिंगमध्ये," ते म्हणाले, "मी काय करतो हे कोणाला ठाऊक नाही. इन्शुरन्समध्ये आहे असं समजतात. मीही समजू देतो." मग उठून कपडे झटकले. "चला. लावा ते पुन्हा."

घरी येऊन उत्तमरावांनी चावी दिली. या वेळी गुणवंत बाज्याच्या अगदी जवळ बसले, गुडघ्याला हनुवटी लावून. सारंगी एकटी चालली, चालली, आणि बासरी आली.

"येते खरी उशिरा," ते म्हणाले.

"मंग?"

"बरी येते."

उत्तमरावांना एवढंच पुरे होतं. उदार होऊन ते म्हणाले, "पन खरं सांगू का, सारंगी शेवटी जराशी जास्तच रडते."

"तेच तर!" गुणवंतांनी मांडीवर थाप मारली. "तो सारंगीवाला माझं ऐकायचाच नाही! थांबा, ती दुसरी लावा, तिथे बघा त्यानं काय घाण केली आहे."

"घान? कोन्या जागी घान?"

पुन्हा भांडण लागलं, या वेळी प्रत्येक तबकडीवर. मधे एसटीचा भोंगा वाजला, तो कोणी ऐकला नाही. त्या दिवशीची गाडी गेली, दुसऱ्या दिवशीचीही गेली. गुणवंतांनी हुरडा खाल्ला, चिंचेखाली झोप काढली, आणि रोज सकाळी पुष्पाबाईंचं दूध वेळेवर उतरलं.

निघायच्या दिवशी थांब्यावर सरपंचांनी नारळ आणि उपरणं आणलं. गाव जमलं होतं. भगवानराव घसा खाकरून बोलले, "आपल्या उत्तमरावचे हे मुंबईचे दोस्त. यायले गान्याचा लई शौक हाय. आपल्या उत्तमरावची चाल आयकाले एवढ्या दुरून आले, हे उंद्रीचं भाग्य."

"अवो भगवानराव, काय बोलून राह्यले तुमी!" उत्तमराव कळवळून ओरडले. "चाल त्यायची हाय!"

गुणवंतांनी नारळ काखेत धरला, सगळ्यांना हात जोडले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "चाल खरंच फार चांगली आहे. अशीच वाजवत राहा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कंडक्टरनं घंटी मारली. एसटी धुरळा उडवत अमडापूरच्या वळणावर दिसेनाशी झाली, तरी उत्तमराव भगवानरावांचा सदरा धरून त्यांना समजावतच होते, आणि भगवानराव पुन्हा पुन्हा म्हणत होते, "बरं बाप्पा, त्यायची तं त्यायची. तुमी चिडू नका."