खिडकीला डकवलेली बाग

ही १९६४ सालची गोष्ट. श्रीनगरला त्या वर्षी दल सरोवर डिसेंबरातच काठाकाठाने गोठलं. खिजर उस्तादांच्या गालिच्याच्या कारखान्यातली बुखारी, लोखंडी शेगडी, दिवसभर लाकडं खायची आणि ऊब जाळीच्या खिडक्यांतून सरळ गल्लीत जायची. म्हाताऱ्याची बोटं आखडली, खोकला छातीत बसला, आणि तो वरच्या मजल्यावर रजईत जाऊन पडला. मागावर त्याच्या वडिलांच्या नक्षीची बाग अर्धीच राहिली होती. ती पुरी करायची, एवढा एकच ध्यास त्याला उरला होता.

सून जूनीने मनावर घेतलं. काचा परवडणाऱ्या नव्हत्या. गालिचे कातरताना पडलेली लोकर तिने फळ्यांच्या फटींत ठासली, छताखाली भाताचा पेंढा भरला. मग जाळीवर कागद डकवायला घेतले. वर्तमानपत्रं संपली, तेव्हा कोपऱ्यातल्या पेटीत तिला जुन्या तपकिरी कागदांची चळत सापडली. त्यावर मुंग्यांसारख्या खुणा होत्या. जूनीला वाचता येत नव्हतं, आणि घरच्या बायका कारखान्यात एरवी पाऊल टाकत नसत. तिने खळ लावली.

चौथ्या दिवशी उस्ताद मुलाच्या, असदच्या, खांद्याला धरून खाली आले.

"वा गं पोरी! हमामाच्या उबेत आल्यासारखं वाटतंय. आता मला इथून हाकलून दाखव!"

मागाशी बसून ते म्हणाले, "असद, पेटीतले नक्षीचे पुढचे कागद काढ."

बागेची एकेक गाठ, तिचा रंग, त्या कागदांवर खुणांत लिहिलेला होता. पेटी रिकामी होती. जूनीने खिडकीकडे बोट दाखवलं.

"अगं, काय केलंस हे! आजोबांच्या हातची एकच प्रत होती!" असद कागद सोलायला धावला. कोपरा त्याच्या चिमटीत तुटून आला.

"हात लावू नकोस, गार वारा येईल," म्हातारा म्हणाला. "तू विणायला बस. मी इथून वाचतो."

खिडकीशी बसून ते खुणा मोठ्याने सांगू लागले, "दोन लाल, एक बदामी..." मध्येच मान वाकडी करून म्हणायचे, "हिने झाडं उलटी लावलीत बघ." असद हसायचा नाही. जूनी दाराआड रडायची.

असे अकरा दिवस गेले. मग पाच कागद असे आले, ज्यांची लिहिलेली बाजू बाहेर होती. बर्फाने शाई धुऊन नेली होती. उस्तादांनी कागदावरून तळवा फिरवला.

"इथे कारंजं होतं. कसं होतं, ते आठवत नाही रे."

जूनीने पाय धरले. "बाबा, मला मारा."

"वेडी आहेस. इतक्या वर्षांत इथे बोटं कधी उबदार नव्हती."

फेब्रुवारीत ते गेले. असदने माग मोडला आणि जम्मूच्या रस्त्यावर ट्रक चालवू लागला. पुन्हा विणायला तो बसला नाही. अर्धा गालिचा घडी घालून पेटीत राहिला. वसंतात गल्लीभर खिडक्यांचे कागद निघाले, जूनीने मात्र आपले काढले नाहीत. चाळिशीत ती मुलीकडून लिहायला-वाचायला शिकली आणि पहिल्यांदा त्या खिडकीशीच जाऊन उभी राहिली. त्या खुणा विणकरांच्या होत्या, शाळेतल्या अक्षरांत नव्हत्याच.