सात इंचांचा चमत्कार

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावरचा तो हॉल एरवी चादरींच्या सेलसाठी भाड्यानं जायचा. दर रविवारी मात्र तिथे जलगुरू यायचे आणि दोन तासांत मधुमेहाला शहरातून हाकलून द्यायचे.

"आधी शत्रूला ओळखा!" जलगुरू गरजले. "ताई, हे संत्रं सोला. तोंडाला लावायचं नाही हं! बाहेरचा गोडवा आतल्या गोडव्याला नुसती हाक मारतो."

व्यासपीठावरच्या बाईंनी संत्रं सोललं. सेवकानं त्यांच्या बोटाला सुई टोचून थेंब यंत्राच्या पट्टीवर घेतला. तीनशे चौऱ्याऐंशी! मग जलगुरूंनी त्यांचे हात तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यात बुडवून चांगले चोळले, काहीतरी पुटपुटले, हात पुसले. पुन्हा थेंब. एकशे बेचाळीस!

"कोणत्या डॉक्टरला जमेल हे पाच मिनिटांत?"

टाळ्यांनी छत दणाणलं. त्या बाई म्हणजे टेलर मास्तरांची बायको. सकाळी घरून निघताना तिनं नेहमीचं इन्सुलिन घेतलं होतं, हे कुणी विचारलं नाही. मास्तरांनाही ते सांगावंसं वाटलं नाही.

खरं तर तिच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, "दहा किलो उतरवा, पण हळूहळू. जेवण कमी केलंत की औषधाचा डोसही बदलावा लागतो. तो मी ठरवीन, मनानं काही करू नका." तीन महिने ती मोजूनमापून जेवली, रोज चालली आणि उतरले किती, तर दोन किलो. ती अगदी मेटाकुटीला आली होती. जलगुरूंचं सगळंच झटपट होतं. सुई बंद, गोळ्या बंद, दिवसातून एकदा उकडलेल्या भाज्या आणि मंत्रजल हवं तेवढं. घरी साखर तपासायची नाही, कारण संशयी हातात यंत्र खोटं बोलतं.

तिनं सगळं तसंच पाळलं. आणि वजन उतरलं की! मास्तरांनी आयुष्यभर टेपवर विश्वास ठेवला होता. दर रविवारी ते व्यासपीठावर बायकोची कंबर मोजून आकडा मोठ्यानं सांगायचे. बेचाळीस, चाळीस, अडतीस. तिसऱ्या रविवारी हात धुतल्यावरही यंत्रानं दोनशे एक्क्याण्णव दाखवले, तेव्हा जलगुरू म्हणाले, "मनात शंका आहे, ताई." त्यानंतर तिची साखर तपासणं बंद झालं. टेप चालू राहिली.

"अहो, रात्री सहा-सहा वेळा उठते मी," ती घरी म्हणायची. "घशाला सारखी कोरड. पायात त्राण नाही."

"साखर धुतली जातेय," मास्तर जलगुरूंच्याच थाटात सांगायचे.

कंबर पस्तिसावर आली तेव्हा त्यांनी तिला निळा ड्रेस शिवला. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडायचं, म्हणजे पुढे ड्रेस सैल करता येतो. कुठलाही शिंपी ते सोडतोच. मास्तरांनी ते कापून टाकलं. "आता कशाला लागतंय?" ते म्हणाले. ती आरशासमोर दोनदा वळली, खूप खूश होती.

आठवड्याभरातच तिला उलट्या सुरू झाल्या, धाप लागली. मास्तर रात्रभर मंत्रजल पाजत बसले. सकाळी त्यांची थोरली बहीण आक्का आली. तीस वर्षं नर्स होती ती. तिनं भावजयीचं बोट साबणानं धुतलं, पुसलं, टोचलं. साखर यंत्राच्या मोजणीपलीकडे गेली होती.

"इन्सुलिन कधी बंद केलंत?" आक्कानं विचारलं. मास्तर रिक्षा आणायला धावले.

हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी मास्तरांची बायको गेली.

दोन आठवड्यांनी आक्का मास्तरांना म्हणाली, "रविवारी हॉलवर जायचंय."

"मला नाही जमणार, आक्का."

"तुझ्या टेपकडे बघून लोकांनी गोळ्या सोडल्यात. जमवावं लागेल."

जलगुरूंनी त्यांना लांबूनच ओळखलं. "या, मास्तर! आपल्या ताई कुठे आहेत?"

"गेली," मास्तर म्हणाले.

हॉलमधल्या सगळ्या माना वळल्या. जलगुरू मात्र लगेच सावरले. "अरेरे! श्रद्धा कुठेतरी कमी पडली."

"माझी साखर मोजा," म्हणत आक्का वर चढली. "मला मधुमेह नाही." बाहेरच्या नळावर साबणानं धुऊन आणलेलं बोट तिनं स्वतःच टोचलं. अठ्ठ्याण्णव. मग तिनं संत्रं सोललं आणि त्याच हाताचं दुसरं बोट टोचलं. तीनशे सतरा! हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. ती पुन्हा नळावर जाऊन आली. एकशे एक.

"रस बोटाला लागतो आणि थेंबात मिसळतो," ती म्हणाली. "यंत्र त्या रसाचीच साखर मोजतं. यांचं पाणी फक्त हात धुतं."

"मग ते सात इंच?" मागून कुणीतरी ओरडलं.

"इन्सुलिन नसलं की शरीराला साखर वापरता येत नाही. ती लघवीवाटे वाहून जाते, म्हणून तहान लागते. उपाशी शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळतं, रक्तात आम्ल साठतं. माझी भावजय बारीक होत नव्हती. ती मरत होती."

"आणि मी मोजत होतो," मास्तर म्हणाले. "टाळ्या घेत होतो."

जलगुरू मागच्या जिन्यानं पसार झाले. अर्धा हॉल आक्कावरच चिडून बाहेर पडला. "निदान आशा तरी होती!" एक बाई तिला म्हणाली. नळापाशी हात धुऊन साखर तपासून घ्यायला जेमतेम बारा माणसं थांबली. एवढ्या मोठ्या गर्दीत बारा!

वजन जरूर उतरवावं. पण डॉक्टरांना सांगून, औषध त्यांच्याच हिशेबानं कमी-जास्त करून, आणि धुतलेल्या बोटाची साखर तपासत. याला टाळ्या पडत नाहीत. माणूस जगतो.

आता कुणी सैल झालेले कपडे आत घ्यायला आलं की मास्तर टेप उचलण्याआधी विचारतात, "किती दिवसांत उतरलं वजन? तहान फार लागते का? साखर तपासलीत?"

परवा एक बाई वैतागल्या. "तुम्ही शिंपी आहात की डॉक्टर?"

"शिंपीच आहे," मास्तर म्हणाले. "डॉक्टरांना विचारलं असतं तर माझी बायको आज असती. तुम्ही आधी त्यांच्याकडे जाऊन या. ड्रेस इथेच ठेवतो."