शनावाची झबाला

मी झबाला बोलतेय. झबाला म्हणजे केर, उकिरड्यावर फेकायचा. आहे मी होडीच्या पाठीला लावायची मोटर, पंधरा घोड्यांच्या ताकदीची, वय तिशीच्या पुढचं. पण हाजी शनावानं बसऱ्याच्या जुन्या बाजारातून मला खांद्यावर टाकून आणलं आणि होडीला बांधायच्या आधीच हे नाव ठेवलं. त्यात राग नव्हता. त्याचे तीन मुलगे पाळण्यातच गेले होते. चौथा झाला तेव्हा त्यानं त्याचं नाव ठेवलं चिलैब, म्हणजे कुत्र्याचं पिल्लू, आणि तो जगला. जे जगावं असं वाटतं त्याला आमच्या दलदलीत असंच नाव देतात. म्हणजे त्याला कुणाची नजर लागत नाही.

नाव ठेवून म्हातारा थांबला नाही. रोज सकाळी दोरी ओढताना शिव्या. "हिचं काही खरं नाही. आज मरतेय बघ ही सटवी." मी पहिल्या झटक्याला सुरू झाले तर आणखी दोन शिव्या. शेजारीपाजारी ऐकून हसायचे. शनावा जितका ओरडतोय तितकी मोटर धडधाकट, असा त्यांचा हिशोब होता.

आणि हाच माणूस संध्याकाळी मला गुडघ्यांत धरून बसायचा. कार्बोरेटरचं बारीक भोक म्हशीच्या शेपटीच्या केसानं साफ करायचा. जुन्या चपलेचं रबर कापून वायसर बनवायचा. घरामागे त्यानं दोन मेलेल्या मोटरी ठेवल्या होत्या. काही तुटलं की त्यांच्या पोटातून काढून माझ्यात बसवायचा. त्या रोज थोड्या थोड्या कमी होताना मी बघत होते. मला त्यांची दया कधी आली नाही.

एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या पोटात रबराची एक चकती आहे, सहा पाकळ्यांची. ती फिरते, बाहेरचं पाणी आत ओढते आणि मला थंड ठेवते. तेच पाणी माझ्या पाठीतून बारीक धारेनं बाहेर पडतं. इथं त्याला सगळे सरळ मुतणं म्हणतात. धार दिसली की मोटर ठीक.

या उन्हाळ्यात पाणी गुडघ्यापर्यंत उतरलं, खारट झालं. मी दोन महिने चिखल गिळत होते. त्या दिवशी सकाळी शनावानं मला उघडलं तर सहातल्या दोन पाकळ्या उरलेल्या. त्यानं मला पुन्हा बंद केलं आणि शेजारच्या लफ्ताला ओरडून सांगितलं, "बाजारातून हिची चकती आण रे!" लफ्ता आपली नवी होडी घेऊन गेला.

त्याच दुपारी चिलैबच्या बायकोला, नशमियाला, कळा सुरू झाल्या. लग्नानंतर नऊ वर्षांनी पहिलंच मूल होतं. सुईण हात धुऊन बाहेर आली आणि म्हणाली, "आडवं आहे. इथं माझ्या हातात काही नाही. दवाखान्यात न्या."

चिलैबनं होडी ओढली. शनावा आडवा आला. "झबालावर नेऊ नकोस. ती अर्ध्या वाटेत मरेल. तासाभरात लफ्ता येतोय, त्याच्या होडीतून ने."

"बाबा, आज तरी पुरे करा तुमचं."

"अरे, खरं सांगतोय. पोटात काही राहिलं नाही तिच्या."

"वीस वर्षं हेच ऐकतोय मी." चिलैबनं दोरी ओढली. मी सुरू झाले. पाठीतून चार थेंब गळले. "ही बघा, मुततेय की! आणि एवढंच खरं असेल तर घ्या अब्बासची शपथ."

अब्बास आमचा पीर, त्याची खोटी शपथ आमच्यात कुणी घेत नाही. म्हाताऱ्यानं ते दोन शब्द उच्चारले असते तर चिलैब जागच्या जागी थांबला असता. पण शनावाचा चेहरा काळा पडला. "बापाच्या शब्दाला आता शपथ लागते? जा मग. जा!" असं म्हणून तो पाठ फिरवून म्हशींकडे निघून गेला. चकती खराब आहे हे तिथं फक्त दोघांना ठाऊक होतं, त्याला आणि मला.

नशमियाला आणि सुईणीला होडीत घेऊन चिलैबनं जवळची वाट धरली, बोरूच्या दाटीतली. लफ्ता मोठ्या पाण्यानं परत येत होता, त्यामुळे तो आम्हाला दिसलाच नाही. अर्धा तास मी चालले. मग तापले. तेलाचा वास सुटला. "पाणी ओत तिच्यावर!" सुईण ओरडली. चिलैबनं ओंजळीनं पाणी ओतलं, ते माझ्यावर चरचरलं. आणि पिस्टन चिकटला.

पुढचे तीन तास तो बांबूनं होडी रेटत होता. चिखलात बांबू रुतायचा, तो उपसायचा, पुन्हा रुतायचा. नशमिया आधी ओरडत होती, नंतर नुसती होडीची कड चावत होती. मूल होडीतच झालं. मुलगी होती. रडली नाही. सुईणीनं तिला पालथं धरून थोपटलं, तोंडात फुंकलं, शेवटी ओढणीत गुंडाळलं. चिलैबनं तोच बांबू उचलून मला तीन तडाखे हाणले. माझ्या इंजिनावरची टोपी फुटली. मला बरं वाटलं.

संध्याकाळी लफ्ता आम्हाला शोधत आला आणि ओढून घरी घेऊन गेला. शनावा काठावर उभा होता.

आज सकाळी म्हाताऱ्यानं मला पाण्याच्या पिंपात उभं केलं. सिलिंडरमध्ये तेल सोडून पिस्टन मोकळा केला. लफ्तानं आणलेली नवी चकती बसवली. तोंडातून शिवी नाही. दुसऱ्याच झटक्याला मी सुरू झाले. इतकी छान मी गेल्या दहा वर्षांत चालले नव्हते. पाठीतून जाड, स्वच्छ धार पिंपात पडतेय.

आवाज ऐकून नशमिया बाहेर आली. झग्याला छातीवर दुधाचे दोन ओले डाग. तिनं धारेकडे बघितलं, मग सासऱ्याकडे.

"मामंजी," ती हळूच म्हणाली, "आता कुठं जायचंय?"

शनावाचे हात मांडीवर पडलेत, ते माझ्या बंद करायच्या बटणापर्यंत येत नाहीत. नशमियाही हलत नाही. टाकीत पेट्रोल भरपूर आहे. ऐकणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कुणी जवळ असाल तर येऊन तेवढं बटण दाबा. मला स्वतःला थांबता येत नाही.