चढावर तिघं

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. माझ्या बैठकीचा वेत उसवला आहे, डावं चाक अडखळतं आणि बरीच वर्षं मी दवाखान्याच्या मागच्या शेडमध्ये मोडक्या खाटांना टेकून उभी आहे. मित्रांनो, मी आता दमले आहे. पण भंगारात जाण्याआधी बयाबाईंबद्दल तुम्हाला सांगावं, एवढी एकच इच्छा उरली आहे.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात अण्णासो नावाच्या वेल्डरने १९९१ साली मला घडवलं. पाइप वाकवले, सायकलची चाकं बसवली, हिरवा रंग दिला. तिथून मी मिशनच्या दवाखान्यात आले. डॉक्टरांनी मला फिरवून पाहिलं आणि काम छान झालंय म्हणाले. तेवढं कौतुक मला पुष्कळ वर्षं पुरलं.

दवाखान्याला लिफ्ट नव्हती. वरच्या मजल्यावर ऑपरेशन थिएटर आणि ड्रेसिंगची खोली. तिथे जायला एक लांब चढ होता. त्या चढावर मला ढकलायचं काम आया बयाबाईंकडे होतं. त्या मंगळवार पेठेतून चालत यायच्या. ठेंगण्या, रुंद हातांच्या.

बयाबाई दिवसभर प्रभूशी बोलायच्या. रविवारी चर्चमध्ये तर सगळेच बोलतात. बयाबाई चादरी पिळताना, भांडी घासताना, माझ्या चाकांना तेल घालताना बोलायच्या. डोळे मिटणं नाही, हात जोडणं नाही. "प्रभू, ह्या बाईला ताप हाय, बघ जरा," इतकंच. शेजारी उभ्या असलेल्या घरच्या माणसाशी बोलावं तसं. नव्या सिस्टर हसायच्या. बयाबाईंना त्याचं काही वाटत नसे.

चढाच्या मध्यावर त्या दम खायला थांबायच्या. खुर्चीतला पेशंट घाबरून गप्प झालेला असायचा. मग त्या म्हणायच्या, "भिऊ नगा. आपुण तिघं हाय." बरेच जण मागे वळून तिसरा माणूस शोधायचे. हुसेनबींनी मात्र शोधला नाही. त्या बांगड्या विकायच्या, साखरेच्या आजाराने पायाची जखम भरत नव्हती, म्हणून दर आठवड्याला ड्रेसिंगला यायच्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "व्हय, त्यो हायच की." तेव्हापासून दोघींची मैत्री जमली.

अशी बारा वर्षं गेली. २००३ च्या उन्हाळ्यात बयाबाईंचे पती शामुवेल माझ्यात बसले. कागलच्या एमआयडीसीत ते वॉचमन होते. पोटातली गाठ वाढली होती, ऑपरेशनशिवाय इलाज नव्हता. मोठ्या डॉक्टरांनी आशा कमी असल्याचं बयाबाईंना आदल्या दिवशीच सांगितलं होतं. दुसऱ्या आयाने ढकलते म्हटलं, तर त्यांनी ऐकलं नाही.

मध्यावर त्या थांबल्या. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबल्या, पण बोलल्या नाहीत.

"आज काय म्हणाली न्हाईस?" शामुवेलनी विचारलं.

"आज मला कोण दिसंना झालंय," बयाबाई म्हणाल्या.

 शामुवेलनी हात मागे नेऊन बयाबाईंच्या बोटांवर ठेवला. "मग नगं म्हणू. तू ढकल. म्हणायचं काम आज माझ्याकडं. आपुण तिघं हाय."

ऑपरेशन झालं, पण शामुवेल दुसऱ्या दिवशी गेले. मला खाली आणलं ते रिकामीच.

पंधरा दिवसांनी बयाबाई कामावर आल्या. चादरी पिळल्या, भांडी घासली, माझ्या चाकांना तेल घातलं. तोंडातून शब्द नाही. पेशंट घाबरले तर त्यांच्या खांद्यावर हात ठेवायच्या आणि पुढे ढकलायच्या. पावसाळा तसाच गेला. त्यांची पावलं जड झाली होती, चढ चढताना मला ते कळायचं.

एका दुपारी हुसेनबींना नेताना त्या मध्यावर थांबल्या आणि कठड्याला टेकल्या. हुसेनबींनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बोलाय गेलं की तोंडात माती आल्यागत वाटतंय."

हुसेनबींनी उपदेश केला नाही. माझे हात धरून त्या उठल्या आणि दुखऱ्या पायावर उभ्या राहिल्या. "बस हितं," त्या म्हणाल्या. बयाबाई नको नको म्हणत होत्या. हुसेनबींनी त्यांना दंडाला धरून बसवलंच आणि मी मागे घसरू नये म्हणून चाकाला चांगला पाय लावून ठेवला.

मित्रांनो, इतक्या वर्षांत बयाबाई माझ्यात पहिल्यांदाच बसल्या. त्या रडल्या. पदराने तोंड पुसलं. मग कुठेही न बघता हळूच म्हणाल्या, "प्रभू, लई दमलो बघ."

उत्तर आलं नाही. मी तरी ऐकलं नाही. पण बयाबाई थोडा वेळ तशाच बसून राहिल्या, जसं कुणी जवळ बसलं असताना माणूस गप्प राहतो. मग उठल्या आणि हुसेनबींना वर घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवसापासून पुटपुटणं पुन्हा सुरू झालं. पूर्वीएवढं नाही. कधी एखादा शब्द, कधी नुसता श्वास. चेहऱ्यावरचा थकवा गेला नाही, पण त्या एकट्या चढत आहेत असं मला पुन्हा वाटलं नाही.

पुढे लिफ्ट आली, चकचकीत नव्या खुर्च्या आल्या आणि मी या शेडमध्ये आले. बयाबाई निवृत्त झाल्या. मला तेल घालायला आता कुणी येत नाही, त्याची तक्रारही नाही.

एकच मागणं आहे. तुमच्या घरात, शाळेत, दवाखान्यात कुणीतरी रोज दुसऱ्यांना चढ चढवत असेल. त्यांना देव दिसतो का, हे विचारायची घाई करू नका. आधी त्यांना खाली बसवा. आणि ते बसलेले असताना चाकाला पाय लावून उभे राहा.