दाजींची गार हवा

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, चाळीस सीटच्या पंख्याच्या विमानाचे कॅप्टन. त्याच विमानाची मी मेकॅनिक. घरी चार माणसं जमली की ते उड्डाणाच्या फुशारक्या मारत आणि माझ्या हातातल्या पान्यावरून मला ‘पानाबाई’ म्हणत. अकरा वर्षं मी हा खळखळाट ऐकून घेतला, तोही ताईच्या तोंडाकडे बघून.

त्या दुपारी विमानतळाचं डांबर बुटांना चिकटत होतं. विमानात कंपनीच्या मालकांचे पाहुणे बसलेले. मी खाली उभी, कानावर हेडफोन, त्याची वायर थेट कॉकपिटपर्यंत.

“दाजी, आधी एसी बंद करा, मग स्टार्ट.”

“पाहुण्यांना उकडतंय.”

“अहो, शेपटीतलं छोटं इंजिन दाबाची हवा देतं. तिच्यावरच स्टार्टर फिरतो आणि तिच्यावरच एसी चालतो. दोघांना पुरत नाही ती.”

“मला शिकवू नकोस. तू पाने आवळ.”

हे मी सांगायची गरजच नव्हती. कॉकपिटमधल्या तपासणीच्या यादीत ती ओळ ठळक छापलेली आहे. पण यादी वाचणं हे दाजींच्या मते नवशिक्यांचं काम.

उजवा पंखा फिरू लागला, तोही दमेकऱ्यानं जिना चढावा तसा.

“दाब किती?”

“आहे पुरेसा.”

“आकडा सांगा.”

“बावीस.”

किमान तीस लागतो. पण या पठ्ठ्यानं इंधन सोडलंसुद्धा! आत आग पेटली, पण तिच्या मानानं हवा कमी. फेरे वाढेनात, तापमान मात्र चढत चाललं. मागच्या नळकांड्यातून केशरी जाळ बाहेर आला.

“इंधन तोडा! तोडा म्हणते ना!”

“वेग घेईल, घेईल. धीर धर.”

त्यांच्या धीराचे नऊ सेकंद झाले. तेवढ्यात टर्बाइनच्या पात्यांच्या कडा मेणासारख्या वितळल्या. पाहुणे शिडीवरून पळत उतरले. सगळ्यांच्या पुढे दाजी.

चौकशीत त्यांनी छाती काढून सांगितलं, “स्टार्टर कमजोर होता. मेकॅनिकची चूक.” नाचता येईना, अंगण वाकडं! मी वाद घातला नाही. तोच स्टार्टर डाव्या इंजिनावर चढवला आणि चौकशीच्या साहेबांना कॉकपिटमध्ये बसवलं. एसी बंद ठेवून फिरवलं, तर दाबाचा काटा छत्तीसवर ठाम. इंधन न सोडता, एसी लावून पुन्हा फिरवलं. काटा घसरत बावीसवर आला.

साहेबांनी दाजींकडे पाहिलं. “कॅप्टन, काय म्हणणं आहे?”

“फार उकडत होतं हो,” दाजी म्हणाले. एवढंच. वीस वर्षांच्या नोकरीनंतर या माणसाजवळ एवढंच निघालं.

त्यांचं उड्डाण थांबलं. पहिल्यापासून प्रशिक्षण घ्यायला नवशिक्या पोरांच्या वर्गात बसवलं. संध्याकाळी ताईचा फोन आला. वाटलं, आता रडेल, भांडेल.

“घरातलं माणूस होतं गं. जरा सांभाळून घ्यायचंस.”

“विमानात चाळीस माणसं होती, ताई. तीही कुणाच्या तरी घरातलीच.”

ती म्हणाली, “जेवत नाहीयेत ते.”

“भूक नसेल,” मी म्हटलं. “ताट झाकून ठेव.”